नागपूर ते कन्याकुमारी, एनएच ४४ : फोटोसाठी गाडी नेमकी थांबवायची कुठे?

खामला_क्लिक

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून कन्याकुमारीला कारने निघतोय. दोघं आहोत, दोघंही चालवतो. जायला चार दिवस धरलेत. येताना फोटो नाहीत, सरळ घर.

सामान : क्रॉप (छोट्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, १८-१३५ मिमी झूम लेन्स, ३५ मिमी एफ/१.८ लेन्स, पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर), ट्रायपॉड.

नेटवर शोधलं की चारमिनार आणि मीनाक्षी मंदिर याच्यापुढे गाडी जात नाही. शहरं नकोत. हायवेपासून दहा किलोमीटरच्या आतलं हवं : नदी, खडक, शेतं, रात्रीचे ट्रक. तर घरबसल्या अशा जागा हेरायच्या कशा, या रस्त्यावर खात्रीच्या कोणत्या, आणि कुठे ब्रेकसुद्धा मारू नये? लांबलचक उत्तर चालेल.

नकाशेवाला

ताई, आधी दिवसांचं गणित. नागपूर-कन्याकुमारी साधारण साडेसतराशे किलोमीटर. चार दिवस म्हणजे रोजचे जवळजवळ ४४०. चहा, टोल, डिझेल धरून सरासरी ताशी ६० ते ६५ च्या वर धरू नका, म्हणजे स्टीअरिंगवर रोज सात तास. डिसेंबरात नागपूरला उजेड असतो पावणेअकरा तास, कन्याकुमारीला साडेअकराच्या थोडं वर. उरलेल्या वेळात जेवण आणि मुक्काम. फोटोचा उजेड मात्र सकाळचा पहिला दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास, आणि नेमका तोच तुम्ही गाडीत घालवाल. पाच दिवस करा. रोज ३५० किलोमीटर, सकाळी एक थांबा, संध्याकाळी एक, दुपारी जमलं तर छप्पर असलेलं काहीतरी. दिवसाला सहा थांबे लिहून निघालेला माणूस सहाही थांबे भर उन्हात उरकतो.

आता या रस्त्याची खुबी. एनएच ४४ उत्तर-दक्षिण आहे. खाली जाताना तुमचा डावा हात पूर्वेला. सकाळी ऊन डावीकडून येतं, म्हणजे रस्त्याच्या उजवीकडच्या वस्तू समोरून उजळलेल्या आणि डावीकडच्या पाठमोऱ्या उजेडात. संध्याकाळी उलट. त्यात डिसेंबरात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि दुपारी बाराला थेट तुमच्या नाकासमोर असतो. नागपूरला तो तेव्हा क्षितिजापासून फक्त ४५ अंशांवर. सकाळी दहा ते दुपारी तीन काचेतून काढलेल्या फोटोत डॅशबोर्डच येणार, रस्ता नाही.

सूर्योदयाच्या वेळी उजवीकडचं शेत हवं असेल तर दुभाजकाचा विचार आधी करायचा. उजवीकडचा थांबा म्हणजे पुढच्या अंडरपासपर्यंत जा, वळा, मागे या, काम झालं की पुन्हा तेच. यात दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि अगदी कोवळं सोनेरी ऊन साधारण तेवढंच असतं. म्हणून उजवीकडचा थांबा निवडायचा तर अंडरपासच्या शेजारचाच. खालून पलीकडे गेलात की सर्व्हिस रोडला गाडी लागते.

हेरायची पद्धत. नकाशा सॅटेलाइटवर टाका आणि खालच्या पट्टीवर २०० मीटर दिसेल इतपत जवळ जा. सगळ्या रस्त्यावर असं सरकत बसू नका, कंटाळाल. नद्या आणि डोंगर आधी खुणावून त्यांच्या आजूबाजूलाच बघा. पहिली गोष्ट शोधायची ती जुन्या हायवेचे तुकडे. चौपदरीकरणात जुनी वळणं सरळ केली, ती वळणं मूळव्याधीच्या गाठीसारखी बाजूला लोंबकळत राहिली. नदीजवळ असा तुकडा दिसला तर सोनं : गाडी निवांत उभी राहते आणि नवा पूल आडवा फ्रेममध्ये मिळतो. दुसरी गोष्ट, हायवेवरून आडवा जाणारा गावरस्त्याचा पूल, रात्रीच्या ट्रकांसाठी. तिसरी, तेलंगणातले तलाव. आपल्या भंडाऱ्याकडच्या तलावांसारखीच रचना, एका बाजूला सरळ रेघेची पाळ आणि दुसरीकडे पाणी झालरीसारखं पसरलेलं. पाळ पूर्वेला असेल तर संध्याकाळचा थांबा, कारण पाळीवर उभं राहून पाण्यापलीकडे सूर्य बुडताना दिसतो. पश्चिमेला असेल तर सकाळचा. चौथी, एकटे खडक. सॅटेलाइटवर सगळं सपाट दिसतं, पण सावली फसवत नाही. झाडांच्या सावलीपेक्षा खडकाची सावली चारपट लांब असेल तर तो जवळून बघण्यासारखा.

जागा सापडली की लगेच खूश होऊ नका. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं उघडतात, तिथे डिसेंबर-जानेवारीतलं चित्र काढून पाणी आहे का ते बघा. ऑक्टोबरातला भरलेला तलाव बघून लोक जातात आणि समोर चिखल आणि म्हशी. मग स्ट्रीट व्ह्यूवर रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडा आहे की उतार, तेवढं तपासा. सूर्याची दिशा सनकॅल्क किंवा फोटोपिल्सवर तारीख टाकून.

आणि पिन टाकताना सगळे एकच चूक करतात. पिन खडकावर टाकतात. मग नॅव्हिगेशन त्या खडकाच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेतं, आणि तो बरेचदा हायवेच असतो, तोही पलीकडची लेन. पिन गाडी उभी करायच्या जागेवर टाका, आणि त्याआधी हायवे सोडायचा फाटा वेगळा थांबा म्हणून घाला. पिनचं नावच असं ठेवा : "दिवस २, सकाळ, उजवी, ७.१०". शेजारी बसलेल्याला मोबाइल उघडून काही समजून घ्यावं लागत नाही. ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या, नेरडिगोंडाच्या जंगलात रेंज जाते-येते.

पऱ्हाटी

नकाशेवाल्या भाऊंनी पद्धत सांगितली, मी नागपूर ते आर्मूर एवढंच सांगतो.

तुमचा पहिला सूर्योदय हिंगणघाटच्या आजूबाजूला पडायला हवा. नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, हिंगणघाट ७५-८० किलोमीटर. सव्वापाचला घर सोडा. बुटीबोरीच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कापसाची झाडं) आणि तूर. डिसेंबरात बोंडं फुटलेली असतात, दव असतं, आणि पाठमोऱ्या उन्हात कापसाचा प्रत्येक तंतू पेटल्यासारखा दिसतो. म्हणून हा थांबा डावीकडे घ्या, सूर्यासमोर. कॅमेरा बोंडाच्या उंचीला आणा, उभ्याने काढलेला कापूस म्हणजे नुसते पांढरे ठिपके. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो : पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक बघा.

मात्र सकाळी सातला वेचणाऱ्या बाया शेतात दिसणार नाहीत. दव असताना कापूस वेचत नाहीत, ओल्या कापसाला भाव पडतो. नऊच्या पुढे वेचणी सुरू होते. माणसं हवी असतील तर पांढरकवड्याच्या अलीकडे थांबा, तोवर नऊ-साडेनऊ झालेले असतात. ऊन तोवर कडक होतं, पण फडक्याची झोळी बांधून वाकलेली माणसं बाजूच्या उन्हात चांगली येतात. धुऱ्यावरूनच काढा, आधी विचारा, ओळीत घुसू नका. वाळलेल्या बोंडाच्या कडा पायाला ओरबाडतात आणि कापूस गळतो, तो दुसऱ्याचा पैसा असतो.

हिंगणघाट आणि पांढरकवडा दोन्हीकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने. बाहेर गाड्यांची रांग असते, ती बाहेरून खुशाल काढा. आत जायचं तर गेटवर विचारून. आत गेल्यावर लेन्स बदलायची नाही. रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, सेन्सरला चिकटले की ब्लोअरने निघत नाहीत, एफ/११ वर (लेन्सचं भोक बारीक असताना) आकाशात केसासारखे दिसतात. ३५ लावूनच आत जा. आणि खिशातली काडेपेटी गाडीतच ठेवा, हे सांगायला लागू नये.

हिंगणघाटच्या पुढे वर्धा नदी लागते, सकाळी साडेसातपर्यंत पोचलात तर पाण्यावर धुकं मिळू शकतं. पैनगंगेवर, म्हणजे तेलंगणाच्या हद्दीवर, पोचेपर्यंत ते उडालेलं असतं. तिथे थांबायचा हट्ट करू नका. पुलावर तर नाहीच.

नेरडिगोंडाजवळ दोन धबधबे. कुंतला डावीकडे, हायवेपासून बारा-एक किलोमीटर, कडम नदीवर, साधारण ४५ मीटर उंच. खाली उतरायला शेकडो पायऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास धराच. पोचेरा उजवीकडे, हायवेपासून सहा-सात किलोमीटर, उंची निम्म्याहून कमी पण रुंद आणि कुंडाजवळ जाता येतं. डिसेंबरात दोन्हीचं पाणी उतरलेलं असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर असता तर कुंतला म्हटलं असतं, आता वेळ एकाचाच असेल तर पोचेरा. शटर पाव ते अर्धा सेकंद, पोलरायझर लावून खडकावरची चमक काढा. पाणी कमी असताना दोन सेकंद दिलेत तर धार विरून जाते आणि उरतो नुसता ओला खडक. कुंडात उतरू नका, खडक शेवाळलेले आणि पाणी खोल आहे.

त्याच्या पुढे निर्मलच्या अलीकडे महबूब घाट, सागाचं जंगल. जुना नागमोडी रस्ता चांगला आहे, पण सागाची पानं डिसेंबरात अजून झाडावर असतात, वळणं झाकली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाल्यावर आणि पळस फुलल्यावर याची खरी मजा. या खेपेला सोडा.

निर्मल सोडलं की गोदावरी. पोचमपाडचं श्रीराम सागर धरण हायवेपासून अगदी जवळ. ४२ दरवाजे, पण डिसेंबरात ते बंद असतात, त्यामुळे दरवाज्यांचा फोटो म्हणजे काँक्रीटची भिंत. धरणावर फोटोला मनाई असल्याची पाटी असेल तर ती पाळा, वाद घालायची जागा नाही. जलाशयाच्या काठाकडून पाणी आणि पक्षी मिळतात.

आणि पहिल्या दिवसाची संध्याकाळ आर्मूरला. गावाला लागून सिद्धुल गुट्टा आहे, नवनाथांचं ठिकाण. एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे काळे-राखाडी खडक, असे की कुणी पोतं उपडं केलंय. नागपूरहून सव्वातीनशेच्या आसपास पडतं. साडेचारला तिथे असा. खडकाचा पोत तिरक्या उन्हातच दिसतो, सूर्य ढळल्यावर अर्ध्या तासात सगळा डोंगर एकच काळा ठोकळा होतो. मुक्काम आर्मूरलाच करा, रात्री हैदराबाद गाठायची घाई नको.

रात्रपाळी_रेशीमबाग

कुठे थांबू नये याचं उत्तर कुणी देत नाहीये म्हणून मी देतो.

हायवेच्या कडेची डांबरी पट्टी थांबायला नाही. ती बिघडलेल्या गाडीसाठी आहे. धोक्याच्या ठिकाणी गाडी उभी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ लागतं, पण कायद्यापेक्षा मागून येणारा डुलकी लागलेला ट्रकवाला जास्त महत्त्वाचा. थांबायचं ते ट्रक ले-बाय (ट्रक उभे करायची बाजूची जागा), पेट्रोल पंप, ढाबा, सर्व्हिस रोड किंवा टोल नाक्याच्या पुढची मोकळी जागा. गाडी खरंच बंद पडली तर धोक्याचे दिवे, त्रिकोण मागे किमान ५० मीटर, माणसं कठड्याच्या पलीकडे, आणि १०३३ ला फोन.

या रस्त्यावर नावानिशी : हैदराबादचा बाह्य वळण रस्ता, एकूण १५८ किलोमीटरचा. मेडचलजवळ चढा, शमशाबादला उतरा, मध्ये थांबायचं नाही. दुसरा तोप्पूर घाट, धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये. दक्षिणेकडे जाताना तो उतार आहे. ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात आणि अपघातांसाठी तो बदनाम आहे. तिथे लोअर गिअर, ट्रकपासून अंतर, कॅमेरा बॅगेत. देखावा छान आहे म्हणून वळणावर गाडी लावणारे दिसतील, त्यांच्या मागे लावू नका.

नंतर कधी उत्तरेकडे निघालात तर मनसर-खवासा-सिवनी भागातही थांबू नये. पेंचचं जंगल आहे, रस्ता उचलून खालून जनावरांना वाट दिलीय. तिथे खाली उतरून वाघाचा फोटो मिळेल असं वाटणारे बरेच आहेत.

आता रात्रीचे ट्रक. हायवेवरून जाणाऱ्या गावरस्त्याच्या पुलावर चढा. ट्रायपॉड पुलाच्या मध्यावर लावू नका. मधला गाळा जड गाडी गेली की थरथरतो, आणि दिव्यांच्या रेषा करवतीसारख्या दातेरी येतात. खांबाच्या वर किंवा पुलाच्या टोकाशी लावा, मधला दांडा उंच करू नका, पट्टा लोंबकळत ठेवू नका. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ ते एफ/११. ट्रक ताशी ८० ने सेकंदाला २२ मीटर जातो, म्हणजे ४०० मीटरची रेषा हवी असेल तर १८ सेकंद. वीस सेकंद ठेवून बघा. सूर्यास्तानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी, आकाशात निळं शिल्लक असताना. पूर्ण अंधारात रेषा येतात, गाव येत नाही.

अजून एक. येणाऱ्या गाड्यांचे पांढरे दिवे लाल दिव्यांपेक्षा फार प्रखर असतात. एफ/८ वर पांढरी बाजू फाटली (नुसती पांढरीफट्ट झाली) तर एफ/११ करा, वेळ कमी करू नका.

दक्षिणायन

आर्मूरच्या खालचं माझ्याकडून. हैदराबाद ते कर्नूल हा रस्ता कंटाळवाणा आहे, असं लोक म्हणतात ते बव्हंशी खरं. जडचर्ल्याच्या पुढे बिचुपल्लीला कृष्णा नदी आणि काठावर मारुतीचं देऊळ. नदीच्या काठावर उतरता येतं. वीस मिनिटं पुरे.

खरी जागा अलमपूर. कर्नूलच्या थोडं अलीकडे, फाट्यावरून आत, तुंगभद्रेच्या काठावर. नवब्रह्म मंदिरं, बदामीच्या चालुक्यांच्या काळातली, सातव्या-आठव्या शतकातली. बहुतेकांची शिखरं नागर, म्हणजे उत्तर भारतीय धाटणीची आहेत, इतक्या दक्षिणेला ती दिसणं हीच गंमत. श्रीशैलम धरणाच्या पाण्याखाली जाणारं कुडवेल्लीचं संगमेश्वर मंदिर दगड-दगड उचलून इथे आणून उभं केलंय, तेही बघा. मंदिरांची तोंडं पूर्वेला, म्हणजे दर्शनी भाग सकाळी उजळतो. पण डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतींवर तिरकं ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत घासत जातं. कोनाड्यातल्या मूर्ती आणि जाळ्या याच उन्हात उठून दिसतात. जून महिन्यात याच भिंतींवर असं ऊन मिळत नाही.

पुरातत्त्व खात्याच्या जागी हातात कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला परवानगी लागते. ड्रोन तर विचारूच नका. ३५ एफ/१.८ आतल्या अंधारासाठी आणलाय ना, तो इथे कामाचा : एफ/२, आयएसओ १६००, १/६०, खांबाला टेकून.

कर्नूलच्या खाली गुत्तीचा किल्ला हायवेवरूनच दिसतो. वर चढायचं असेल तर अर्धा दिवस जातो. गावाच्या बाहेरून १३५ वर पूर्ण डोंगर घ्या आणि पुढे व्हा. गंडीकोटा सुंदर आहे, पण तो हायवेपासून फार आत, तुमच्या दहा किलोमीटरच्या हिशोबात बसत नाही. स्वतंत्र सहल करा.

लेपाक्षीसाठी मात्र नियम मोडा. कोडिकोंडाजवळून उजवीकडे पंधरा किलोमीटर. सोळाव्या शतकातलं विजयनगरकालीन वीरभद्र मंदिर, छतावर रंगवलेली चित्रं, जमिनीला न टेकलेला खांब, आणि बाहेर एकाच दगडातला प्रचंड नंदी. हा तुमचा दुपारचा छपराचा थांबा. छतचित्रांसाठी फ्लॅश नको, कॅमेरा जमिनीवर पाठीवर ठेवा, स्क्रीन उघडा, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडशिवाय ट्रायपॉडचं काम. खांबाखालून कापड सरकवणाऱ्यांची गर्दी असते, तो फोटो सगळ्यांकडे आहे.

नंदी हिल्स सोडा. बेंगळुरूतली अर्धी मंडळी पहाटे तिथे चढायला निघते, सुट्टीच्या दिवशी तर सूर्योदय गाडीच्या रांगेतच होतो.

तामिळनाडूत डिसेंबर म्हणजे परतीच्या पावसाचं शेपूट. ढग असतील हे धरूनच चाला. नामक्कलला गावाच्या मधोमध एकाच खडकाचा डोंगर आणि वर किल्ला, ढगाळ असलं तरी चालतं. तिरुनेलवेली सोडून नागरकोविलकडे जाताना मुप्पंदल, शेकडो पवनचक्क्या. वारा खरा मे ते सप्टेंबर, डिसेंबरात काही उभ्याच असतील. फिरणाऱ्या पात्यांना १/१००० दिला तर त्या बंद पडल्यासारख्या दिसतात. मोठी चक्की मिनिटाला पंधरा फेऱ्या मारते असं धरलं तर सेकंदाला ९० अंश होतात. १/४ सेकंदात पातं २२ अंश सरकतं, तेवढा पुसटपणा डोळ्याला बरा वाटतो. उन्हात १/४ मिळत नाही, पोलरायझरने दीड-दोन स्टॉप खाल्ले, आयएसओ १००, एफ/१६, आणि ढगाची वाट. सर्व्हिस रोडवर गाडी लावून आतल्या गावरस्त्याने पन्नास पावलं चाला, हायवेच्या तारा फ्रेममधून जातात.

खामला_क्लिक

बापरे, एवढं! पाच दिवस केले, रजा वाढवली. दोन शंका. गाडी चालती असताना शेजारच्या सीटवरून काढलेले फोटो उपयोगाचे होतात का? आणि असा आराखडा कसा वाटतो : १ आर्मूर. २ हैदराबादेत जेवून अलमपूर, पाच वाजता, मुक्काम कर्नूल. ३ लेपाक्षी, मुक्काम होसूर. ४ मदुराई. ५ मुप्पंदल करून संध्याकाळी कन्याकुमारी.

रात्रपाळी_रेशीमबाग

चालत्या गाडीतून : काच खाली करा, १/१०००, आणि जवळचं काही घेऊ नका, ५० मीटरच्या आतलं सगळं पुसतं. बंद काचेतून पोलरायझर लावला की निळसर-जांभळे डाग दिसतात. लेन्सचा दोष नाही तो. बाजूच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात, त्यांच्यातला ताण पोलरायझर दाखवतो. पुढची काच दोन थरांची असते, तिच्यात हे कमी. बंद काचेतून काढायचं तर पोलरायझर उतरवा आणि काळं फडकं डॅशबोर्डवर टाका.

लांबचा डोंगर १३५ वर दुपारी काढला आणि तो थरथरलेला आला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. डांबरावरची तापलेली हवा. रस्त्यापासून दूर, थोडं उंचावर जा, नाहीतर सकाळी काढा.

दक्षिणायन

आराखड्यात दुसरा दिवस गडबडतो. पाचला अलमपूर म्हणजे सूर्यास्ताला पाऊण तास. फाट्यावरून आत जायला, गाडी लावायला, चपला काढायला वीस मिनिटं गेली. हैदराबादेत बिर्याणीसाठी शहरात शिरलात की अलमपूर गेलं. आर्मूरहून सातला निघा, शमशाबाद उतरल्यावर रस्त्यातच जेवा, साडेतीनला अलमपुरात असाल. तरी उशीर झालाच तर कर्नूलला झोपा आणि सकाळी पंचवीस-एक किलोमीटर मागे या, पूर्वेकडची तोंडं उजळलेली मिळतील. त्या दिवशी मग गुत्ती नाही.

पाचव्या दिवशी मदुराई ते कन्याकुमारी अडीचशेच्या आत आहे. सकाळी सातला निघालात तर मुप्पंदलला भर दुपार होते. दहापर्यंत झोपा, तीनच्या पुढे मुप्पंदल, मग कन्याकुमारी.

तिथे डिसेंबरात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, सूर्यास्त सहानंतर, आणि हिवाळ्यात दोन्ही समुद्रावरच दिसतात. विवेकानंद शिला आणि तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा, आता दोघांमध्ये काचेचा पूलही झालाय. सूर्य पुतळ्याच्या मागे आणायचा असेल तर किनाऱ्यावर तुम्हाला सरकावं लागेल, सूर्य सरकणार नाही. पुतळा अर्धा किलोमीटर दूर धरला तर सूर्याची तबकडी त्याच्याजवळ जेमतेम साडेचार मीटर रुंद दिसते, म्हणजे तुम्ही पाच पावलं हललात की जुळलेलं बिघडतं. आदल्या संध्याकाळी होकायंत्राने ११४ अंशाची रेघ धरून उभं राहायची जागा दगडाने खुणावून ठेवा. पहाटे गर्दीत ती शोधायला वेळ नसतो.

कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट किनाऱ्यावर नेऊ नका. काच धुरकटते, आणि पुसत बसलात तर दर मिनिटाला पुन्हा. निघायच्या अर्धा तास आधी बंद पिशवीतच खोलीबाहेर ठेवा, पिशवी उघडायची ती किनाऱ्यावर.

नकाशेवाला

सगळे दक्षिणेचं सांगताहेत, पहिली फ्रेम विसरलात. सव्वापाचला निघणारच आहात तर पावणेपाचला नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडी खांबापाशी थांबा. खांब, चार घोडे, आणि दिवसा कधी मिळत नाही असा रिकामा रस्ता. १८ वर ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ २००, आठ सेकंदांपासून सुरू करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, रस्त्याचे दिवे आणि गाड्यांचे दिवे वेगळ्या रंगाचे असल्याने प्रत्येक फ्रेमला रंग बदलतो. ४००० केल्व्हिनवर बांधून टाका. दगडावर कोरलेली अंतरं वाचता यायला हवी असतील तर दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरून दोन सेकंद फिरवायचा. समोरून मारला तर अक्षरं सपाट होतात.